उघडत नाही

रात्री पावणेअकराला मेसेज आला, ‘मॅडम, उघडत नाही.’ खाली एक लिंक. बाकी काही नाही.

पाठवणारी मुलगी आमच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करते. सुट्टीला गावी गेली होती आणि सकाळी गाइडना प्रकरण पाठवायचं होतं. मी सरळ फोन लावला. म्हटलं, ‘स्क्रीनवर काय दिसतंय ते मला वाचून दाखव.’ तिनं लेखाचं नाव वाचलं, लेखकांची नावं वाचली, सारांशाची पहिली ओळ वाचली. मग म्हणाली, ‘आणि खाली पैसे मागतंय.’

पैसे मागतंय म्हणाली आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे साइट चालू होती, लेख जागेवर होता. ती गूगलवरून थेट प्रकाशकाच्या पानावर गेली होती, एवढंच झालं होतं. विद्यापीठाच्या आवारात बसलेल्या माणसाला प्रकाशकाची यंत्रणा नेटवर्कच्या पत्त्यावरून ओळखते. गावाकडच्या ओसरीवरून मोबाइलच्या नेटनं आत शिरणाऱ्याला ती कशावरून ओळखणार? पानाच्या वरच्या कोपऱ्यात संस्थेमार्फत आत यायची वाट बारीक अक्षरात लिहिलेली असते. ती वाट, मग इन्फेड या संस्थांच्या सामाईक लॉगिन-व्यवस्थेच्या यादीत आपलं विद्यापीठ, मग आपला आयडी आणि पासवर्ड, असं एकेक पाऊल फोनवरून गेलो. अकरा वाजून पाच मिनिटांनी पलीकडून ‘आलं, आलं!’ ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

मी ग्रंथालयात ई-साधनांचा विभाग सांभाळते. म्हणजे ऑनलाइन नियतकालिकं, ई-पुस्तकं, डेटाबेस. गेल्या पंधरा वर्षांत ‘उघडत नाही’ हे दोन शब्द मी किती वेळा ऐकले याची मोजदाद नाही, आणि त्यामागचं कारण जवळपास दर वेळी वेगळं निघालं आहे. वर्गणी संपलेली असते. वर्गणी भरलेली असते, पण प्रकाशकाकडे पावती पोचलेली नसते. अंक आमच्याकडे २००३ पासून असतो आणि वाचकाला १९९८ चा हवा असतो. नियतकालिकानं नाव बदललेलं असतं. ब्राउझरनं जुनं पान धरून ठेवलेलं असतं. पेशंट डॉक्टरला ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगतो, पुढचं विचारून काढणं डॉक्टरचं काम. तसंच हे. माझ्या मते या पेशातलं पहिलं कौशल्य हेच: वाचकाला न घाबरवता, न लाजवता, नेमका दुसरा प्रश्न विचारता येणं.

मी १९९६ साली ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली तेव्हा हे कुणी शिकवलं नव्हतं. शिकवण्यासारखं तेव्हा ते नव्हतंही. आम्ही तालिकीकरणाच्या तासाला पाच बाय तीन इंचाची कार्डं लिहायचो, समास मोजून. नियतकालिक विभागात कार्डेक्सचं लोखंडी कपाट असायचं, त्याचे चपटे खण खर्रकन बाहेर यायचे. टपाल आलं की आलेल्या अंकाची खूण त्या त्या महिन्याच्या चौकोनात करायची. मार्चचा चौकोन रिकामा राहून एप्रिलचा भरला की समजायचं, अंक वाटेत गहाळ झाला, पुरवठादाराला पत्र लिहायचं. वर्ष संपलं की आमचे मामा, म्हणजे ग्रंथालयातले कर्मचारी, सगळे अंक क्रमानं लावून बाइंडिंगला बांधायचे. परत आलेल्या खंडाच्या पाठीवर सोनेरी अक्षरं असायची, आणि तो खंड कपाटात गेला की गेला. तो आमचा. पुढच्या वर्षी वर्गणी भरा, न भरा, तो खंड न्यायला कुणी येणार नव्हतं.

त्या काळानं मला एक गोष्ट मात्र दिली, रंगनाथनांची. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारे एस. आर. रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं सूत्र आहे, वाचकाचा वेळ वाचवा. परीक्षेत पाचही सूत्रं सोदाहरण लिहून मी गुण मिळवले होते. चौथ्याचा अर्थ कळायला मात्र पहिल्यांदा असा फोन यावा लागला, ज्यात पलीकडची व्यक्ती दीड तास एका बंद पानासमोर बसून होती.

२०१० साली एन-लिस्ट आलं तेव्हा मी एका अनुदानित महाविद्यालयात होते. ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रानं महाविद्यालयांसाठी काढलेली ही योजना. महाविद्यालयाचं नाव नोंदवलं की हजारो ई-नियतकालिकं आणि त्याहून कितीतरी जास्त ई-पुस्तकं. तालुक्याच्या गावातल्या ज्या ग्रंथालयात परदेशी नियतकालिक कधी आलंच नव्हतं, तिथं एकदम एवढं सगळं. मला आठवतं, मी प्रत्येक वर्गात जाऊन खडूनं फळ्यावर संकेतस्थळाचा पत्ता लिहिला होता. रसायनशास्त्राच्या एका सरांनी आपल्या विषयातलं नियतकालिक माझ्या टेबलाशी उभं राहून उघडलं आणि बराच वेळ काही न बोलता पानं खालीवर करत राहिले. त्यांच्या एम.एस्सी.च्या काळात त्यातला एकेक लेख बघायला ते एसटीनं पुण्याला जात.

पुढे विद्यापीठात आले आणि या कामाचा आवाका कळला.

पहिला धडा दिवाळीच्या सुट्टीनं दिला. सुट्टी संपून सोमवारी आलो तर एकही नियतकालिक उघडेना. एका प्रकाशकाचं बंद असेल तर समजू शकतं, पण सगळ्यांचीच? दुपारपर्यंत मी वर्गण्यांच्या फायली उपसत होते. अखेर संगणक विभागातून सहज बोलता बोलता कळलं की सुट्टीत इंटरनेटची कंपनी बदलली. कंपनी बदलली म्हणजे आवाराचे आयपी, म्हणजे नेटवर्कचे, पत्ते बदलले. प्रकाशकांच्या नोंदीत आमचे जुने पत्ते, त्यामुळे त्यांच्या लेखी आम्ही कुणीच नव्हतो. एकेका प्रकाशकाला नव्या पत्त्यांची पत्रं पाठवली. कुणी दोन तासांत बदललं, कुणी अधिकृत लेटरहेड मागितलं, कुणाचं उत्तरच येईना. सगळं पूर्ववत व्हायला नऊ दिवस गेले.

यात संगणक विभागाची चूक आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही. आयपी पत्ता आणि वनस्पतिशास्त्राचं नियतकालिक यांचं नातं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगायचं काम माझं होतं. तेव्हापासून दर शुक्रवारी चारचा चहा मी संगणक विभागात घेते. नेटवर्कमध्ये काही बदलणार असेल तर मला आठवडाभर आधी कळतं. आयपी म्हणजे काय, प्रॉक्सी कशी चालते, पासवर्डविना माणूस कसा ओळखतात, हे मी वाचून शिकले. पण माझ्या विभागाचं खरं रक्षण तो चहा करतो.

याच सुमारास माझ्या हातात नॅसिग या उत्तर अमेरिकेतल्या संघटनेनं केलेला एक दस्तऐवज पडला. नियतकालिकांचं काम करणाऱ्या ग्रंथपालांची ही १९८५ पासूनची संघटना. ई-साधनं सांभाळणाऱ्या ग्रंथपालाला काय काय यायला हवं, याची मांडणी त्यांनी २०१३ मध्ये स्वीकारली. ई-साधनाचं जीवनचक्र (निवड, चाचणी, खरेदी, जोडणी, देखभाल, मूल्यमापन, नूतनीकरण किंवा निरोप), तंत्रज्ञान, संशोधन आणि मूल्यमापन, संवाद, माणसं आणि कामं सांभाळणं, बदलांचा मागोवा, आणि शेवटी व्यक्तिगत गुण. ती यादी मी रात्री जेवणानंतर वाचायला घेतली आणि वाचता वाचता डोळ्यांत पाणी आलं. मी जे जे धडपडत, एकटीनं, हे ग्रंथपालाचं काम आहे की नाही अशा शंकेत करत होते, ते सगळं त्यात होतं. गुंतागुंत आणि अनिश्चितता सोसण्याची ताकद, हेसुद्धा त्यांनी कौशल्य म्हणून नोंदवलं होतं. आपल्याकडच्या कुठल्या पदाच्या जाहिरातीत हे वाचल्याचं मला आठवत नाही.

त्या यादीत एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, परवाना करार वाचता येणं. हे मी पुस्तकातून शिकले नाही, वडिलांकडून शिकले. ते शेतकरी. तलाठ्याकडून सातबारा आणला की चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून वाचत. मालकाचं नाव आणि क्षेत्र सगळेच बघतात. ते थांबायचे ‘इतर हक्क’ या रकान्यापाशी. बँकेचा बोजा तिथं असतो, कुळाची नोंद तिथं असते, विहिरीतला हिस्सा तिथं असतो. ‘जमीन वर दिसती, भानगड इथं असती,’ असं ते म्हणत.

प्रकाशकाच्या करारालाही असा रकाना असतो, फक्त तो वीस-पंचवीस पानांत विखुरलेला असतो. वाचक कोणाला म्हणायचं? निवृत्त प्राध्यापक त्यात येतात का? दूरशिक्षणाचा विद्यार्थी येतो का? रस्त्यावरून आत आलेला माणूस, समजा गावच्या पाण्यावर काम करणारा कार्यकर्ता, ग्रंथालयातल्या संगणकावर बसून वाचू शकतो का? एखादा लेख शेजारच्या ग्रंथालयाला पाठवता येतो का? शेकडो लेखांवर संगणकानं विश्लेषण चालवायला परवानगी आहे का? वाद झाला तर कुठल्या शहरातलं न्यायालय? आणि सगळ्यात मोठा प्रश्न: वर्गणी थांबली तर ज्या वर्षांचे पैसे आपण भरले त्या वर्षांचे अंक आपल्याकडे राहणार का?

या शेवटच्या प्रश्नानं आम्हाला पोळलं आहे. एका प्रकाशकाचा संच आम्ही नऊ वर्षं घेत होतो. दहाव्या वर्षी पैसे कमी पडले आणि तो बंद करावा लागला. नवे अंक मिळणार नाहीत हे ठाऊकच होतं. पण जानेवारीत मागची नऊ वर्षंही बंद झाली. करार काढून बघितला. तो मी रुजू व्हायच्या आधी झालेला, आणि त्यात कायमच्या हक्काचं कलमच नव्हतं. प्रकाशकानं लबाडी केली असं म्हणता येत नव्हतं. आम्ही भाडेकरू होतो आणि इतकी वर्षं स्वतःला मालक समजत होतो. मामांना हे सांगितलं तर ते बाइंडिंगच्या खंडांकडे बघत म्हणाले, ‘पण मॅडम, पैसे भरले होते ना आपण?’ त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

ही भीती जगभरच्या ग्रंथपालांना आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९९ च्या सुमारास लॉक्स हा प्रकल्प त्यातूनच उभा राहिला. अनेक ग्रंथालयांनी मिळून प्रती जपायच्या, म्हणजे एका जागी काही हरवलं तरी दुसरीकडे राहील. आता कुठलाही करार माझ्या टेबलावर आला की मी आधी दोन गोष्टी शोधते, वर्गणी थांबल्यावरचं कलम आणि प्रकाशक आपले अंक अशा एखाद्या जतनव्यवस्थेत ठेवतो की नाही. कलम नसेल तर घालायला सांगते. पहिल्यांदा असं पत्र लिहिताना हात थरथरला होता, एवढ्या मोठ्या कंपनीला आपण कोण सांगणार म्हणून. उत्तर आलं की कलम घालू. विचारल्यावर मिळतं हे मला तेव्हा कळलं, आणि नवीन ग्रंथपालांना मी हे आवर्जून सांगते.

दुसरी बारीक नजरेची जागा म्हणजे याद्या. वाचकानं शोधलेला लेख आणि तो जिथं ठेवला आहे ती जागा, यांची गाठ घालणारी यंत्रणा याद्यांवर चालते. या याद्या कशा असाव्यात याचे नियम केबार्ट या नावानं ठरलेले आहेत. साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एक नियतकालिक: नाव, छापील अंकाचा आयएसएसएन म्हणजे ओळखक्रमांक, ऑनलाइनचा वेगळा आयएसएसएन, पहिला उपलब्ध अंक, शेवटचा अंक, पत्ता. ‘नेचर’चं घ्या. छापील क्रमांक ००२८-०८३६ आणि ऑनलाइन १४७६-४६८७. शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून काढलेला असतो. सात आकड्यांना ओळीनं ८ पासून २ पर्यंत गुणायचं, बेरजेला ११ नं भागायचं, आणि बाकी ११ मधून वजा करायची. ‘नेचर’च्या छापील क्रमांकाची बेरीज ८२ येते, बाकी ५, म्हणून शेवटी ६. टंकताना एखादा आकडा चुकला की हे गणित जुळत नाही. रंगनाथन गणिताचे शिक्षक होते, त्यांना हे फार आवडलं असतं असं मला उगीचच वाटतं.

याच फाइलमध्ये एक रकाना निर्बंधाचा असतो. तिथं पी१वाय लिहिलेलं असेल तर अर्थ असा की ताजं एक वर्ष सोडून मागचं सगळं मिळेल. आर१वाय असेल तर उलट, फक्त ताजं एक वर्ष मिळेल. एका अक्षराचा फरक. आमच्याकडे हे अक्षर एका संचात चुकलं होतं, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सहा महिने प्रत्येक जुना लेख ‘उपलब्ध नाही’ असा दिसत होता. तो उपलब्ध होता. कुणी तक्रारही केली नाही. यंत्र म्हणतं नाही, तर नसेल, असं समजून मुलं परत गेली. न आलेल्या तक्रारींचं मला त्या दिवसापासून जास्त भय वाटतं. आता महिन्यातून एकदा मी विभागातल्या दोघांना घेऊन बसते आणि यादीतली कुठलीही वीस नियतकालिकं निवडून आम्ही वाचक होऊन उघडून बघतो.

वापराच्या आकड्यांबद्दलही थोडं. प्रकाशकांचे अहवाल काउंटर या वापर मोजायच्या सामाईक पद्धतीच्या नियमांनी येतात, म्हणून एकाचे आकडे दुसऱ्याशी ताडून बघता येतात. तीस सेकंदांच्या आत त्याच लेखावर पुन्हा क्लिक केलं तर ते एकच धरायचं, इतका बारीक विचार त्यात आहे. वर्गणीला वापरानं भागलं की दर वाचनाचा खर्च निघतो, आणि समितीच्या बैठकीत सगळे त्या एका आकड्याकडे बघतात. माझं सांगणं असतं की नकारांचा अहवालही बघा. जे आपल्याकडे नाही आणि तरी वाचक ज्याचं दार ठोठावून गेले, ते त्यात असतं. शिवाय कमी वापर म्हणजे नको, हे मला मान्य नाही. एका लहान विभागाचं नियतकालिक वर्षभरात मोजक्याच वेळा उघडलं होतं. चौकशी केली तर उघडणारी एकच विद्यार्थिनी, आणि तिच्या विषयाचं दुसरं नियतकालिकच नाही. ते बंद होऊ नये म्हणून मी बैठकीत अर्धा तास बोलले. ते टिकलं. असं बोलता येणंही या कामात येतं.

मधल्या काळात मोठा बदल झाला. सगळ्या संस्थांची वर्गणी केंद्रानं एकत्र भरायची, अशा ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३ हजार नियतकालिकं, केंद्र आणि राज्य सरकारांच्या ६३०० हून अधिक संस्था. मला याचा मनापासून आनंद झाला. पण त्याच आठवड्यात एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘आता तुमच्या विभागाला काय काम? सगळं दिल्लीच घेणार.’ घासाघीस दिल्लीत होईल, हे खरं. वाचक मात्र दिल्लीत नाही. तो ओसरीवर बसला आहे, वसतिगृहाच्या गच्चीवर रेंज शोधतो आहे. १३ हजार नियतकालिकं आली म्हणजे ‘उघडत नाही’ म्हणायच्या १३ हजार जागा आल्या. त्याला नाव नोंदवून देणारा, आपल्या विषयाचं त्यात काय आहे हे दाखवणारा कुणीतरी हाकेच्या अंतरावर लागतोच. माझ्या जुन्या महाविद्यालयातल्या मैत्रिणी विचारतात, ‘आमचं अनुदानितांचं काय?’ पहिला टप्पा सरकारी संस्थांचा आहे. त्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि जिथं बोलायला मिळेल तिथं मी तो मांडते.

आणि एक काम आहे जे दिल्लीहून कधीच होणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर जाऊ लागले. त्यात मराठीतले प्रबंध खूप आहेत. पण जुन्या प्रबंधांतला मोठा भाग युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टंकलेला. डोळ्यांना पान स्वच्छ मराठी दिसतं. त्यातली ओळ कॉपी करून दुसरीकडे डकवली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला हातात येतो. म्हणजे त्या प्रबंधात शंभर वेळा ‘दुष्काळ’ असला तरी ‘दुष्काळ’ शोधणाऱ्याला तो सापडत नाही. इंग्रजी लेखाचं दार बंद असतं तेव्हा निदान ते दिसतं. इथं दारच दिसत नाही. आम्ही आमच्यापुरतं हाती घेतलं आहे: प्रत्येक जुन्या मराठी प्रबंधाचं शीर्षक, सारांश आणि विषयशब्द युनिकोडमध्ये नव्यानं टंकायचे. ऱ्हस्वदीर्घाची जुनी आणि नवी, दोन्ही रूपं विषयशब्दांत घालायची, कारण शोधणारा कुठलं लिहील सांगता येत नाही. दिवसाला पाच-सहा होतात. यासाठी कुठली प्रणाली विकत घ्यावी लागत नाही. मराठी नीट यावी लागते आणि बूड टेकून बसावं लागतं.

मामा गेल्या वर्षी निवृत्त झाले. जाताना त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला, प्रत्येक किल्लीला पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर कपाटाचा नंबर. मग म्हणाले, ‘आणि कॉम्प्युटरमधल्या मासिकांच्या किल्ल्या कुणाकडं असतात?’ सगळ्या माझ्या डोक्यात होत्या. कुठल्या प्रकाशकाचं व्यवस्थापक खातं कुठलं, नूतनीकरणाची तारीख काय, पत्र कुणाला लिहायचं, कुठलं कलम कुठल्या पानावर. त्याच संध्याकाळी लांब नोंदवही काढली आणि लिहायला घेतलं. पहिल्या पानावर ‘किल्ल्या’ असं लिहिलं आहे. पासवर्ड त्यात नाहीत, ते वेगळे सुरक्षित ठेवले आहेत, पण बाकी सगळं आहे.

विभागात नव्यानं आलेल्या मुलानं महिनाभरानं त्या वहीच्या मागच्या बाजूला स्वतःहून तक्रारींची पानं आखली. तारीख, कारण, उपाय. आणि सगळ्यात डावीकडे एक रुंद रकाना: ‘वाचक काय म्हणाला, त्याच्या शब्दांत.’ मी त्याला हे सांगितलं नव्हतं. परवा पानं चाळत होते. ‘पैसे मागतंय.’ ‘नुसतं गोल गोल फिरतंय.’ ‘काल होतं, आज नाही.’ ‘माझं नावच घेत नाही.’ शेवटची नोंद एम.ए. मराठीच्या एका विद्यार्थ्याची आहे: ‘सरांचा प्रबंध शोधगंगेवर आहे म्हणतात, पण त्याचं नाव टाकलं तरी सापडत नाही.’ त्याच्यापुढचे कारण आणि उपाय हे दोन्ही रकाने अजून कोरे आहेत. सोमवारी सकाळी आधी तोच घेणार आहोत. ग्रंथालयातली छापील प्रत त्या मुलानं कालच काढून टेबलावर ठेवली आहे.